केमो आणि रेडिएशन: त्रास कुठे होतो, कधी होतो

कॅन्सरच्या ओपीडीबाहेर बाकावर बसलेले नातेवाईक एकमेकांना हमखास विचारतात, "केमो जड जाते की लाइट?" लाइट म्हणजे रेडिएशन. ज्याच्या घरात जे घडलं असेल तसं उत्तर येतं. ज्याच्या बायकोचे केस गेले तो केमोला नावं ठेवतो, ज्याच्या वडिलांना महिनाभर नाकातल्या नळीतून दूध द्यावं लागलं तो रेडिएशनला. दोघंही खरंच बोलत असतात, तरी ऐकणाऱ्याच्या पेशंटला त्यातलं काहीही लागू पडेल असं नाही. त्रास शरीरात कुठे होणार आणि किती दिवसांनी होणार, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारले तर मात्र बरंच काही हाती लागतं.

तोंडाच्या कॅन्सरचं उदाहरण घेऊ. तंबाखू, मावा, गुटख्याच्या कृपेने गालाच्या आणि जिभेच्या कॅन्सरला आपल्याकडे तोटा नाही. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये आजार पुन्हा उलटण्याचा धोका जास्त दिसला, तर रेडिएशन आणि सिस्प्लाटिन नावाची केमो एकदमच दिली जाते. त्यामुळे दोन्हींचे त्रास एकाच माणसात पाहायला मिळतात.

आधी केमो. ती सलाईनमधून रक्तात जाते, म्हणजे सगळ्या अंगभर जाते. जुन्या पठडीतली बरीचशी औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींना गाठतात, मग ती पेशी कॅन्सरची असो की घरची. या औषधांचा जन्मच त्यातून झाला. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. तिथल्या एका अमेरिकी जहाजात मस्टर्ड वायूचे बाँब गुपचूप ठेवलेले होते. जखमींना तपासताना स्टुअर्ट अलेक्झांडर या लष्करी डॉक्टरला दिसलं, की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने संपत चालल्या आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात, याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या एका रुग्णाला देऊन पाहिलं होतं. पांढऱ्या पेशी मारणं हा ज्याचा विषारीपणा, तोच इथे औषधाचा गुण ठरला. आजही केमोचा गुण आणि तिचा त्रास अनेकदा एकाच ठिकाणाहून येतात.

शरीरात रोज भराभर विभागणाऱ्या पेशी कुठे असतात? केसांच्या मुळाशी, तोंडापासून आतड्यांपर्यंतच्या अस्तरात आणि हाडांतल्या मगजात. डोक्यावरचे दहापैकी साधारण नऊ केस कोणत्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून काही औषधांनी दोन-तीन आठवड्यांत ते मूठमूठ हातात येतात. भुवयांचे केस फार काळ वाढत नाहीत, ते त्यामानाने टिकतात.

मगजाचा हिशेब जास्त महत्त्वाचा. तिथलं उत्पादन थांबलं तरी रक्तात आधीच आलेल्या पेशी आपलं आयुष्य पुरं करतात. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, प्लेटलेट ८ ते १० दिवस, आणि जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जेमतेम दिवसभर, फार तर थोडं जास्त. म्हणून काउंट पडतात ते आधी पांढऱ्या पेशींचे, आणि अशक्तपणा आणणारं रक्त कमी होणं मागाहून. बऱ्याच औषधांत केमोनंतर ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात. सलाईन लागलं त्या दिवशी माणूस घाबरलेला असतो, आणि दहाव्या दिवशी बरं वाटतंय म्हणून लग्नाला जातो. धोका दहाव्या दिवशीच असतो. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नसते. पू धरायला, सूज यायलाही पांढऱ्या पेशीच लागतात. त्या नसतील तर जंतुसंसर्गाची खूण म्हणून एकटा ताप दिसतो, आणि गोळीने तोही झाकला जातो.

सगळ्या केमो सारख्या नसतात हे सांगूनही लोकांच्या गळी उतरत नाही. आपल्या उदाहरणातल्या सिस्प्लाटिनने सहसा टक्कल पडत नाही, केस फार तर विरळ होतात. तिचा राग मूत्रपिंडांवर, कानांवर आणि हातापायांच्या नसांवर. म्हणूनच तिच्या आगेमागे बाटल्याच्या बाटल्या सलाईन चढवतात. ऐकू येणं कमी होतं ते वरच्या पट्टीतल्या आवाजांपासून, त्यामुळे बोलणं नीट ऐकू येतं पण चिमण्यांची चिवचिव येत नाही, आणि ते पेशंटच्या लवकर लक्षातही येत नाही. हे नुकसान बहुधा भरून येत नाही. स्तनाच्या कॅन्सरला देतात ती लाल रंगाची डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला दमवते, म्हणून आयुष्यभरात मिळून ती किती द्यायची याला मर्यादा असते.

आणि उलट्या. सिनेमातला कॅन्सर पेशंट बेसिनपाशी वाकलेला असतो, ती बरीचशी जुनी गोष्ट झाली. सिस्प्लाटिनमुळे आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि तिथून मेंदूला उलटीचा निरोप जातो. हा निरोप अडवणारं ऑनडॅनसेट्रॉन १९९१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पुढे त्याच्या जोडीला आणखी औषधं आली. मळमळ संपली असं नाही, पण बादली उशाशी ठेवून रात्र काढायची वेळ आता पूर्वीसारखी येत नाही.

रेडिएशनचं गणित वेगळं. किरण जिथून जातात तिथेच ते त्रास देतात. गालाला रेडिएशन घेणाऱ्याच्या डोक्यावरचे केस शाबूत राहतात, दाढी मात्र त्या बाजूची उगवेनाशी होते. मशीनमधून बाहेरून दिलेल्या रेडिएशनने माणूस किरणोत्सारी होत नाही. तरीही घरोघरी नातवंडांना आजोबांपासून लांब ठेवतात. त्याची काही गरज नसते.

साधारणपणे रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, असे ऑपरेशननंतर ६० ते ६६ ग्रे दिले जातात. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. थोडं थोडं का द्यायचं, याचं एक उत्तर मेंढ्याकडून मिळालं. पॅरिसमध्ये १९२० च्या दशकात क्लॉद रेगो यांनी मेंढ्याच्या वृषणांवर एकाच बैठकीत किरण सोडले, तेव्हा त्याला निर्बीज करण्याआधी कातडीच जळाली. तेच अनेक दिवसांत वाटून दिले, तर काम झालं आणि कातडी वाचली. भराभर विभागणाऱ्या पेशी विभागलेल्या मात्रेनेही मरतात, निरोगी पेशींना मात्र मधल्या तासांत डागडुजी करता येते.

पहिल्या आठवड्यात पेशंट म्हणतो, "काहीच होत नाही." डोकं हलू नये म्हणून मास्कची जाळी चेहऱ्यावर घट्ट बसवून टेबलावर पडायचं, काही मिनिटांत उठायचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं. हे उष्णतेनं येतं तसलं नव्हे. गालाचं अस्तर सोलून निघतं, पांढरा पापुद्रा धरतो, वरणाला फोडणीही सहन होत नाही. चव जाते. मानेची कातडी काळवंडते. शेवटचं सेशन झालं की घरचे पेढे वाटतात, पण त्रास त्यानंतरही आठवडा-दोन आठवडे वाढलेलाच राहतो आणि मग उतरू लागतो. या काळात वजन टिकवणं हे निम्मं उपचार आहे, असं माझं मत आहे. त्यासाठी नळी घालावी लागली तर ती हार समजू नये.

लाळेचं दुखणं त्याहून चिवट. कानापुढच्या लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेच्या वर मात्रा गेली, तर ती सहसा पूर्ववत होत नाही. किरणांना आकार देऊन ही ग्रंथी वाचवणारं तंत्र म्हणजे आयएमआरटी. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वर्षभरानंतर त्रासदायक कोरडं तोंड जुन्या पद्धतीत ७४ टक्के रुग्णांना होतं, आयएमआरटीत ३८ टक्क्यांना. गंमत म्हणजे उपचारांच्या काळातला थकवा आयएमआरटीवाल्यांना जास्त होता.

उशिराने येणारे त्रास ही रेडिएशनची खरी ओळख. जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा हळूहळू आटतो, आणि पाच-सात वर्षांनी साधा दात काढला तरी जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. म्हणूनच किडके दात रेडिएशनच्या आधी काढून, जखम भरू देऊन मग उपचार सुरू करतात. नंतर कधीही दाताच्या डॉक्टरकडे गेलं, तर खुर्चीत बसण्याआधी रेडिएशनचं सांगायचं. गुटख्याने आधीच आखडलेलं तोंड आणखी आखडतं, म्हणून जबड्याचे व्यायाम रोज. मान किरणांत आली असेल तर थायरॉइड मंदावू शकते. वर्षा-सहा महिन्यांनी रक्तातलं टीएसएच हे संप्रेरक तपासलं की ते कळतं.

दोन्ही उपचार एकदम दिले की त्रासांची बेरीज होते, थोडी जास्तच. मग केमो कमी करावी का? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये वनिता नरोन्हा आणि सहकाऱ्यांनी ३०० रुग्णांवर हे तपासलं. निम्म्यांना दर तीन आठवड्यांनी शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम सिस्प्लाटिन, निम्म्यांना दर आठवड्याला ३०. २०१८ मध्ये निकाल आला. गंभीर त्रास मोठ्या डोसमध्ये सुमारे ८५ टक्क्यांना, छोट्या डोसमध्ये ७२ टक्क्यांना. पण दोन वर्षांनी तोंडातला-मानेतला आजार आटोक्यात होता तो मोठ्या डोसमध्ये ७३ टक्क्यांचा आणि छोट्या डोसमध्ये ५८.५ टक्क्यांचा. रुग्ण किती काळ जगले यात मात्र स्पष्ट फरक सिद्ध झाला नाही. पुढे जपानमध्ये ऑपरेशन झालेल्या जास्त धोक्याच्या रुग्णांना आठवड्याला ३० ऐवजी ४० मिलिग्रॅम देऊन पाहिले. २०२२ च्या निकालात हा डोस जगण्याच्या बाबतीत तीन आठवड्यांच्या १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी पडला नाही, आणि कानांचा त्रासही कमी झाला.