सुरी घडवताना बेल्ट कुठला? दाणा तुटतो कसा ते बघा

बेल्ट ग्राइंडरखाली (खरखरीत दाणे चिकटवलेला कापडी पट्टा, म्हणजे बेल्ट, फिरवून धातू काढणारं यंत्र) जी काळी पूड साठते ना, ती एकदा चुंबकाने उचला, पांढऱ्या कागदावर पसरा आणि चांगल्या भिंगाखाली बघा. पूड नसतेच ती. लेथवर निघतो तसा पोलादाचा कीस असतो, बारीक बारीक कुरळे तुकडे, आणि त्यांच्यामध्ये मोहरीसारखे गोल गोळे पण दिसतात. गोळे म्हणजे ठिणग्यांचं उरलेलं शरीर, म्हणजे कीस इतका तापला की हवेतल्या ऑक्सिजनने पेटला, वितळला आणि उडता उडता पाण्याच्या थेंबासारखा गोल झाला. बेल्ट नवा असेल तर कुरळे तुकडे भरपूर मिळतात, बेल्ट बोथट व्हायला लागला की ते कमी होत जातात आणि नुसती भुकटी उरते. बेल्टबद्दल जे काही समजून घ्यायचंय त्यातलं निम्मं या कागदावरच दिसतं असं मला वाटतं.

कारण बेल्ट घासत नाही, कापतो. निदान कापायला हवा. ५० मिमी रुंद आणि १८३० मिमी लांब (तोच आपला २ बाय ७२ इंची) ६० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) बेल्ट घेतला तर त्यावर अंदाजे लाखाच्या वर दाणे असतात आणि प्रत्येक दाणा ही एक छोटी छिन्नी असते. तिचं टोक धारदार असेल तर ते पोलादात घुसतं आणि कीस काढतं. टोक थोडं बोथटलं की ते नांगरासारखं नुसता चर पाडतं, धातू बाजूला सारतं पण काढत नाही. आणि पूर्ण सपाट झालं की फक्त वरून घसटत जातं. तिन्ही वेळा मोटर वीज खातेच, पण तिसऱ्या प्रकारात काम जवळपास काहीच होत नाही आणि सगळी ऊर्जा उष्णता बनून पात्यात शिरते. म्हणून बेल्ट निवडताना दाणा किती टणक हा पहिला प्रश्न नाहीये, बोथट झाल्यावर त्या दाण्याचं पुढे काय होतं हा पहिला प्रश्न आहे.

सगळ्यात जुना आणि सगळीकडे मिळणारा दाणा म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. आपल्याकडे त्याला कुरुंद म्हणतात, आणि इंग्रजीतला कोरंडम हा शब्दसुद्धा तमिळमधूनच तिकडे गेलाय. माणिक आणि नीलम हे पण कुरुंदच, फक्त रंग देणाऱ्या अशुद्धीसकट. बेल्टवरचा कुरुंद बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून, थंड करून, फोडून बनवतात. मोह्सच्या मापावर (खनिजांच्या टणकपणाची १ ते १० ची पट्टी) त्याचा टणकपणा ९, म्हणजे कडक केलेल्या पोलादापेक्षा बराच वर. पण त्यातले स्फटिक मोठे असतात त्यामुळे दाणा फुटला तर मोठा तुकडा जातो, नाही फुटला तर टोक झिजून गोल होतं आणि तसंच बसून राहतं. कडक पोलादावर जोरात वापरला की तो लवकर थकतो. बारीक ग्रिटला, फिनिशिंगला, हँडलच्या लाकडाला मात्र छान चालतो.

दुसरा सिलिकॉन कार्बाइड. एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ मध्ये कृत्रिम हिरा बनवायच्या खटपटीत हा पदार्थ मिळवला, आणि तो कार्बन आणि कोरंडमचं संयुग आहे अशा समजातून त्याला कार्बोरंडम नाव दिलं. समज चुकीचा होता, नाव टिकलं. हा कुरुंदापेक्षा टणक आहे, त्याची टोकं पण जास्त अणकुचीदार, मग सुरीसाठी हाच का नाही घ्यायचा असं कुणालाही वाटेल. तर अडचण रसायनाची आहे. घासताना टोकाशी जे तापमान होतं त्यात लोखंड सिलिकॉन कार्बाइडवर रासायनिक क्रिया करतं, त्यातला कार्बन गरम लोखंडात विरघळतो, आणि टोक भराभर झिजतं. हिऱ्याचं पण वेगाने पोलाद घासताना हेच होतं. शिवाय हा दाणा ठिसूळ आहे, दाब आला की चुरा होतो. म्हणून दगड, काच, टायटेनियम आणि हँडलच्या कृत्रिम मटेरियलसाठी तो उत्तम, पोलादावर फार तर शेवटच्या बारीक हातासाठी. जास्त टणक ते जास्त चांगलं हा हिशोब इथेच मोडतो.

आता झिरकोनिया आणि सिरॅमिक. झिरकोनिया म्हणजे ॲल्युमिना आणि झिरकोनियम ऑक्साइड एकत्र वितळवून झटकन थंड केलेलं मिश्रण, ते चिवट असतं आणि दाबाखाली त्याचे छोटे छोटे कपचे उडतात. सिरॅमिक दाणा रासायनिकदृष्ट्या पुन्हा कुरुंदच आहे, गंमत आहे ना, पण तो वितळवून बनवत नाहीत. आधी जेल बनवतात, ती वाळवतात, मग भट्टीत भाजतात, त्यामुळे आतले स्फटिक एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान राहतात. थ्रीएम कंपनीने क्युबिट्रॉन नावाने असा दाणा १९८१ मध्ये बाजारात आणला, पुढे त्याला ठरावीक त्रिकोणी आकार पण दिला गेला. इतके बारीक स्फटिक असल्यामुळे टोक बोथटलं की त्यावरचा दाब वाढतो, आणि अख्खा दाणा फुटायच्या ऐवजी टोकाचा फक्त कणभर भाग निखळतो आणि खाली नवी धार उघडी पडते. झिजता झिजता स्वतःला परजत जाणारी छिन्नी समजा.

पण यात एक अट आहे आणि ती मी खूप बेल्ट वाया घालवून शिकलो. टोक फुटायला दाब लागतो. नवा सिरॅमिक बेल्ट आहे म्हणून जपून, हलक्या हाताने वापरला तर दाणा फुटतच नाही, टोकं गुळगुळीत होऊन चमकायला लागतात, बेल्टवर बोट फिरवलं तर अजून नवा वाटतो पण कापत नाही. जपायला गेलो म्हणून मेला असा प्रकार. त्यामुळे ३६ किंवा ६० ग्रिटचा सिरॅमिक असेल तर वेग पूर्ण ठेवा आणि ठामपणे दाबा. हलका हातच लागणार असेल, नाजूक काम असेल, तर तिथे साधा ॲल्युमिनियम ऑक्साइड जास्त इमानदार आहे.

उष्णतेचं एवढं काय, तर पोलादाला आपण पाणी देतो, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करतो, मग साधारण १८० ते २२० अंश सेल्सिअसला टेम्पर करतो, म्हणजे पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा कमी करतो, आणि त्यानंतर पातं त्या तापमानाच्या वर गेलं की तिथलं पाणी उतरतं. धारेजवळ पातं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ असतं, उष्णता साठवायला तिथे धातूच नाही, त्यामुळे क्षणात ३०० अंश होतात. पिवळसर, तपकिरी, जांभळा, मग निळा असे रंग चढतात, ते ऑक्साइडच्या पातळ थराचे असतात, आणि निळा दिसला म्हणजे ३०० च्या आसपास पोचलात. नंतर पाण्यात बुडवून किंवा रंग पुसून उपयोग नाही, टणकपणा गेलेला असतो. स्टेनलेसमध्ये उष्णता साध्या कार्बन स्टीलपेक्षा हळू पसरते, म्हणजे जिथे तापलं तिथेच साठतं, तिथे आणखी सांभाळायचं. म्हणून बरेच जण जास्तीचा धातू हीट ट्रीटमेंटच्या आधीच काढतात, धारेपाशी अर्धा ते पाऊण मिलिमीटर सोडतात, आणि कडक झाल्यावर फक्त नवा बेल्ट, कमी वेग, उघडा हात आणि शेजारी पाण्याची बादली. हातमोजे नाहीत, कारण बोटाला चटका बसतो तेव्हा पातं अजून सुरक्षित असतं, ती सूचना मोज्यामुळे मिळत नाही. आणि दर वेळी पातं बेल्टला लावायच्या आधी बुडवा, नंतर नाही.

बारीक बेल्ट जास्त तापवतो हे पण खूप जणांना उलटं वाटतं. बारीक ग्रिटला एकाच वेळी कितीतरी जास्त दाणे पोलादाला टेकतात, तुमच्या हाताचा दाब सगळ्यांत वाटला जातो, एकेका दाण्याच्या वाट्याला इतका कमी येतो की तो घुसण्याऐवजी घसटतो. म्हणून ग्रिट चढवत गेलात की वेग उतरवत जा. हिशोब सोपा आहे, १५० मिमी व्यासाचं ड्राइव्ह व्हील (बेल्ट फिरवणारं चाक) मिनिटाला २८०० फेरे मारत असेल तर बेल्ट सेकंदाला २२ मीटर पळतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. ३६ ला हे ठीक, ४०० ला याच्या निम्मा किंवा त्याहून कमी बरा. ज्याच्याकडे वेग बदलायची सोय नाही त्याने लहान ड्राइव्ह व्हील लावावं, वेग त्याच प्रमाणात उतरतो.

ग्रिटचे आकडे मुळात चाळणीच्या छिद्रांवरून आलेत, आकडा मोठा तर दाणा लहान. पी ६० चा दाणा साधारण २६९ मायक्रॉन, पी १२० चा १२५, पी ४०० चा ३५. इथे एक खड्डा आहे. युरोपियन पद्धतीत आकड्याच्या आधी पी असतो, अमेरिकन पद्धतीत नसतो, २२० पर्यंत दोन्ही जवळपास सारखे चालतात पण त्यापुढे फाटे फुटतात, पी १२०० आणि अमेरिकन ६०० हे जवळजवळ एकाच मापाचे. शिवाय पिरॅमिडसारखे उंचवटे असलेले जे स्ट्रक्चर्ड बेल्ट येतात त्यावर ए ४५, ए ३० असे आकडे असतात, ते साधारण मायक्रॉनमधले, म्हणून तिथे आकडा लहान तर दाणा लहान. ए ४५ म्हणजे पी ४०० च्या आसपास. ३० आणि ४५ मधला बारीक कुठला हे बेल्ट मशीनवर चढवल्यावर कळण्यात अर्थ नाही.

क्रम म्हणाल तर मला ३६, ६०, १२०, २२०, ४०० एवढा पुरतो. प्रत्येक टप्प्याचं काम एकच, आधीच्या टप्प्याचे ओरखडे संपवणं, आणि तो सगळ्यात खोल ओरखडा जिथे संपतो तिथपर्यंत धातू काढावाच लागतो, त्यातून सुटका नाही. ३६ वरून थेट २२० ला उडी मारली तर २२० चा बेल्ट त्या दऱ्या बुजवता बुजवता मरतो आणि पॉलिश केल्यावर त्या पुन्हा वर येतात. म्हणून दर ग्रिटला पात्याचा कोन थोडा फिरवायचा, नवे ओरखडे जुन्यांना तिरके जातात आणि राहिलेला जुना ओरखडा लगेच डोळ्यात भरतो. याच्यासाठी दिवा समोरून नको, बाजूने लावा.

दाणे ज्यावर चिकटवलेले असतात त्या कापडाबद्दल लोक फार कमी बोलतात, पण बेव्हलच्या (धारेकडे उतरत जाणारी पात्याची बाजू) रेषा त्यावरच ठरतात. एक्स वजनाचं कापड जाड आणि ताठ, सपाट प्लेटनवर (बेल्टच्या मागची टेकू देणारी सपाट पट्टी) स्वच्छ रेषा देतं. वाय त्याहून दणकट. जे (इंग्रजी J) वजनाचं मऊ, ते बेल्टच्या कडेला वळतं, त्यामुळे हँडलच्या गोलाईला, बहिर्वक्र धारेला आणि प्लंज लाइन (बेव्हल हँडलजवळ जिथे संपतो ती रेषा) मऊ करायला तेच पाहिजे. J वजनाच्या बेल्टने सपाट बेव्हल काढायला बसलात तर कडा गोल होत राहतील आणि दोष हाताला द्याल. बेल्टच्या मागे बाण असेल तर त्याच दिशेने चढवा, कारण लॅप जोड (एका टोकावर दुसरं टोक चढवून केलेला) असलेला बेल्ट उलटा फिरला तर जोड उचलला जाऊ शकतो.

काही सिरॅमिक बेल्टवर वरून एक थर असतो, पोटॅशियम फ्लुओरोबोरेटसारख्या क्षाराचा, तो घासताना वितळून कीस दाण्याला चिकटू देत नाही आणि कापणं थंड ठेवतो. स्टेनलेसवर याचा फरक खरंच कळतो. पण बेल्टसोबत हा थर झिजतो आणि ती सगळी धूळ हवेत जाते, पोलादाची पण, हँडलची पण, तर नीट बसणारा रेस्पिरेटर हवाच, साधा रुमाल चालत नाही. लाकडाची धूळ आणि पोलादाच्या ठिणग्या एकाच व्हॅक्यूममध्ये ओढू नका, आत आग लागू शकते.

रबराच्या कांडीने बेल्ट साफ होतो, पण तेव्हाच जेव्हा तो लाकडाने किंवा ॲल्युमिनियमने बुजलाय. बोथट दाण्याला ती कांडी काही करू शकत नाही. सुरी बनवणाऱ्यांत जे म्हणतात ना, बेल्ट फुकट मिळालेत असं समजून वापरा, ते याचसाठी, कारण बोथट बेल्टवर वाचवलेलं सगळं एका जळालेल्या धारेत जातं. तरी थकलेले ३६ मी फेकत नाही. भट्टीतून आलेल्या पोलादावर काळी खपली असते ती इतकी टणक असते की नवा बेल्ट पाच मिनिटांत खाऊन टाकते, तर ती खपली आधी जुन्या बेल्टने खरवडायची (किंवा पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवायचं), आणि चकचकीत पोलाद दिसल्यावरच नव्या बेल्टला हात घालायचा. ज्या बेल्टवर पाणी दिलेलं पातं लावायचं नाही त्याच्या मागे मी मार्करने फुली मारतो, म्हणजे घाईत तोच चुकून चढवला जात नाही.