विहिरीवरचा तवंग: लोखंडाचा की डिझेलचा?

विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की संशय थेट जवळच्या पेट्रोल पंपावर जातो. पण अगदी तसाच तवंग लोखंडावर जगणारे जिवाणूही धरतात. नाशिकचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, लोहाने भरलेला आहे. प्राणवायू कमी असलेल्या साचल्या पाण्यात हे लोह विरघळते आणि हवा लागली की पातळ पापुद्रा होऊन तरंगते.

ओळखायला काडी पुरते. तवंगात काडी फिरवा. लोखंडाचा पापुद्रा कोनेदार तुकड्यांत फुटतो आणि तुकडे वेगळेच राहतात; इंधनाचा तवंग काडीमागे वळत पुन्हा जुळतो. पाइपात, टाकीत तांबूस बुळबुळीत गाळ असेल तर जिवाणूंची शक्यता वाढते. वासावर मात्र विसंबू नका, कारण या जिवाणूंच्या पाण्यालाही कधीकधी तेलकट वास येतो. तवंग जुळणारा निघाला तरी आधी काठावरचे डिझेल इंजिन आणि टर्बाइन पंपाचे वंगण तपासा.

काडी तवंग ओळखते, पाणी सुरक्षित आहे की नाही हे सांगत नाही. पेट्रोलमधले बेंझिन हे विषारी द्रव्य पाण्यात विरघळते. जागतिक आरोग्य संघटनेची त्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे आणि नाकाला ते साधारण 10 मिलिग्रॅमपासून कळते. हजारपट फरक! म्हणून गळतीचा संशय असेल तर तवंग नसला तरी प्रयोगशाळेत नमुना द्यायलाच हवा.

पेट्रोलसाठी 40 मिलिलिटरची, टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाची काचेची कुपी लागते. प्रयोगशाळा त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून देते, ते ओतून टाकू नका. पाणी बारीक धारेने, काठावर फुगीर येईपर्यंत भरा, झाकण लावा, उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नवी कुपी घ्या, कारण बेंझिन त्या हवेत निघून जाते. डिझेलसाठी एक लिटरची गडद काचेची बाटली; ती नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही. प्लास्टिकची बाटली दोन्हींना चालत नाही. सगळे बर्फात, 4 अंशांजवळ ठेवा. आम्ल घातलेली कुपी 14 दिवसांत तपासली गेली पाहिजे.

बोअरचा नमुना घेण्याआधी केसिंगमधले, म्हणजे बोअरच्या पाइपातले, जुने पाणी उपसावे लागते. 150 मिमी बोअरमध्ये मीटरला सुमारे 18 लिटर पाणी असते. 30 मीटर पाणी असेल तर तिप्पट उपसा म्हणजे जवळपास 1,600 लिटर. पण मोटर खोलवरून ओढते आणि इंधन वर तरंगते, त्यामुळे उपशाआधी वरच्या थराचे पाणी बेलरने, म्हणजे दोरीने सोडायच्या नळीसारख्या भांड्याने, काढून पाहा. नमुना घेताना गाडी आणि डिझेल इंजिन बंद ठेवा, हातमोजे नवे घाला.

प्रयोगशाळेत ‘ऑइल अँड ग्रीस’ एवढेच लिहून देणे ही नेहमीची चूक. त्या चाचणीत तेल द्रावकात उतरवून मग द्रावक उडवतात, त्याबरोबर पेट्रोलचे हलके घटकही उडतात आणि अहवाल स्वच्छ येतो. ‘बीटीईएक्स’ (बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलीन) आणि ‘टीपीएच’ (एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन) असे दोन्ही स्पष्ट मागा.

उपायही वेगळे आहेत. ब्लीचिंग पावडर लोखंडी जिवाणूंवर चालते. इंधनावर तिचा उपयोग नाही, आणि नमुन्याआधी टाकली तर चाचणीत अडथळा येतो. पेट्रोलचा संशय असेल तर विहिरीत कोणालाही उतरू देऊ नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते.