‘माणसाचं मिळत न्हाई व्हय?’ : घोड्याच्या सीरमपासून हॅम्स्टरच्या पेशीपर्यंत

काही वर्षांपूर्वी रंकाळ्यावर फिरायला गेलेल्या माझ्या भाच्याला कुत्रं चावलं. पोटरीत दात चांगलेच खोल गेले होते. साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं जखम धुतली आणि त्याला दवाखान्यात नेलं. लसीबरोबर जखमेतही रेबीजविरोधी सीरमचं एक इंजेक्शन द्यायचं होतं. त्याआधी सिस्टरांनी त्याच्या मनगटाच्या वर, कातडीत थेंबभर औषध टोचलं, डाळीएवढा फुगवटा आला, त्याभोवती पेनानं गोल काढला. "घोड्याचं असतंय, म्हणून आधी टेस्ट. इथंच बसा," त्या म्हणाल्या. माझी आई शेजारी होती. तिनं विचारलं, "माणसाचं मिळत न्हाई व्हय?"

तेव्हा सिस्टर नुसत्या हसल्या. आईचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

घोडा यात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं की, धनुर्वाताचं विष थोडंथोडं पचवलेल्या प्राण्याचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी, दुसऱ्या प्राण्याला दिलं, तर तोही वाचतो. घोडा मोठा, रक्त भरपूर, माणसाळलेला, म्हणून घटसर्पाचं सीरम घोड्यांपासून निघू लागलं आणि गळा दाटून गुदमरणारी मुलं वाचू लागली. १९०१ चं पहिलं वैद्यकीय नोबेल बेहरिंगना मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला ‘जिम’ नावाच्या एका घोड्याच्या सीरममध्ये धनुर्वाताचं विष निघालं आणि १३ मुलं दगावली. प्राण्याच्या रक्तातून औषध काढायचं, तर त्या प्राण्याचं दुखणंही सोबत येऊ शकतं. शिवाय घोड्याचं प्रथिन आपल्या शरीराला परकं असतं. कुणाला पुरळ उठतं, ताप येतो, सांधे धरतात. क्वचित कुणाला जिवावर बेतणारी रिॲक्शन येते. भाच्याच्या हातावरचा तो पेनाचा गोल त्यासाठीच होता.

माणसाचं मिळत नव्हतं असं नाही. लस घेतलेल्या लोकांच्या रक्तातून रेबीजचं सीरम काढतात, पण ते महाग आणि नेहमीच कमी. आणि माणसापासून घेतलेलं औषधही निर्धोक असतंच असं नाही. १९८० च्या दशकात हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना रक्तातूनच काढलेल्या, रक्त गोठायला मदत करणाऱ्या फॅक्टर आठमधून एचआयव्ही झाला. मृतदेहांच्या मेंदूतल्या ग्रंथीतून काढलेलं वाढीचं हॉर्मोन घेतलेली काही माणसं तरुण वयात मेंदूच्या असाध्य रोगानं गेली. १९८५ मध्ये अमेरिकेत ते वापरणं थांबलं. हे वाचताना मला नेहमी त्या आईबापांची आठवण येते, ज्यांनी मुलाच्या भल्यासाठी दर आठवड्याला ती इंजेक्शनं दिली.

तोवर वेगळी वाट सापडली होती. १९७८ मध्ये माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून इन्सुलिन करून दाखवलं गेलं, १९८२ मध्ये ते बाजारात आलं. मग सीरममध्ये खरं काम करणाऱ्या अँटिबॉडी, म्हणजे विषाला किंवा विषाणूला अडवणारी प्रथिनं, त्याही जिवाणूतच का करू नयेत?

इन्सुलिन लहान असतं, ५१ अमिनो आम्लांचं. अँटिबॉडी म्हणजे चार साखळ्या आणि तेराशेहून जास्त अमिनो आम्लं. त्या नेमक्या घड्या घालून, ठरलेल्या जागी एकमेकींना जोडल्या गेल्या पाहिजेत. वर प्रथिनावर साखरेच्या फांद्या चढतात. आपण राहतो साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात, पण ही साखर वेगळी. प्रथिन रक्तात किती दिवस टिकणार, रोगप्रतिकारक पेशी त्याला ओळखणार का, हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरतं. नेहमीच्या वापरातल्या जिवाणूला अशा फांद्या चढवता येत नाहीत. यीस्ट चढवतं, पण त्याच्या पद्धतीनं, आणि ते आपल्या शरीराला खपत नाही. माणसासारखी फांदी हवी, तर सस्तन प्राण्याचीच पेशी हवी.

ती मिळाली चिनी हॅम्स्टरमध्ये. उंदराएवढा हा प्राणी चीनमधल्या प्रयोगशाळांत १९१९ पासून वापरात होता. १९४८ च्या अखेरीस, यादवी युद्धाच्या धामधुमीत, एका अमेरिकी डॉक्टरनं काही हॅम्स्टर विमानानं देशाबाहेर नेले आणि अमेरिकेत त्यांची पैदास सुरू झाली. त्यांची गुणसूत्रं फक्त २२, मोजायला सोपी; म्हणून आनुवंशिकीच्या लोकांना ते आवडायचे. १९५७ मध्ये डेन्व्हरला थिओडोर पक यांनी एका मादीच्या अंडाशयातून पेशी वेगळ्या काढल्या. त्या बशीत वाढतच राहिल्या. सीएचओ (चायनीज हॅम्स्टर ओव्हरी, म्हणजे चिनी हॅम्स्टरचं अंडाशय) या नावानं आज जगभर ओळखल्या जातात त्या याच पेशींच्या पुढच्या पिढ्या.

पुढची युक्ती मला फार सुंदर वाटते. १९८० मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेल अर्लॉब आणि लॉरेन्स चेसिन यांनी डीएचएफआर हे जगायला लागणारं एन्झाइम नसलेल्या सीएचओ पेशी तयार केल्या. अशा पेशीला त्या एन्झाइमचं जनुक आणि त्याच्या जोडीला आपल्याला हव्या त्या प्रथिनाचं जनुक द्यायचं. ज्या पेशीनं जोडी घेतली ती जगते, बाकीच्या मरतात. मग मेथोट्रेक्सेट घालायचं, संधिवाताच्या गोळीत असतं तेच. ते एन्झाइमला अडवतं; म्हणून तगून राहिलेल्या पेशींत त्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, आणि त्यांच्यासोबत आपल्या जनुकाच्याही.

१९८७ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं टीपीए बाजारात आलं, अशा सस्तन पेशींत घडवलेलं पहिलं औषध. दोन वर्षांनी एरिथ्रोपोएटिन आलं, डायलिसिसवरच्या रुग्णांचं रक्त वाढवणारं. त्याआधी १९७७ मध्ये शिकागोत यूजीन गोल्डवॉसर आणि ताकाजी मियाके यांनी ते शुद्ध स्वरूपात मिळवलं होतं, तेव्हा जपानी रुग्णांची २,५५० लिटर लघवी आटवून हाती काही मिलिग्रॅम लागले होते.

अँटिबॉडीची गोष्ट याला समांतर चालली होती. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची अँटिबॉडी अखंड बनवणाऱ्या पेशी तयार केल्या, पण ती अँटिबॉडी उंदराची. म्हणजे परकेपणाचा तोच जुना प्रश्न. १९८६ मध्ये ग्रेग विंटर यांच्या गटानं उंदराच्या अँटिबॉडीचं फक्त टोक माणसाच्या अँटिबॉडीवर कलम केलं. कॅन्सरवरची रितुक्सिमॅब १९९७ मध्ये आणि ट्रास्टुझुमॅब १९९८ मध्ये आली, दोन्ही सीएचओ पेशींतून.

डिस्टिलरीत मळीवर उसळणारं यीस्ट ज्यांनी पाहिलंय त्यांना या पेशींचे लाड नवल वाटतील. त्यांना यीस्टसारखी कणखर भिंत नसते. ३७ अंश तापमान, बेतानं ढवळणं, थोडाथोडा खुराक. बुडबुडा फुटला तरी पेशी फाटते. जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, ही पेशी जवळजवळ एक दिवस घेते. बाहेरचा एक जिवाणू आत शिरला तर दोन आठवड्यांची टाकी ओतून द्यावी लागते. तरीही १९८० च्या दशकात लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं उत्पादन पुढच्या वीस वर्षांत ५ ग्रॅमपर्यंत पोचलं.

भारतात २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं रितुक्सिमॅबची स्वतःची आवृत्ती आणली. आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याहून जवळ, पुण्यात तयार झालं. सीरम इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या मॅसबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर काढलेली रॅबिशील्ड ही रेबीजविरोधी माणसाची अँटिबॉडी, सीएचओ पेशींत घडवलेली. घोड्याचं सीरम किलोमागे ४० युनिट द्यावं लागतं, माणसाचं २०, ही ३.३३ पुरते. वीस किलोच्या पोराला ८०० युनिटऐवजी सुमारे ६७, आणि घोडा कुठेच नाही.

सापाच्या विषाचं अजून तसं झालेलं नाही. २०२४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या (आयआयएससी) कार्तिक सुनगर यांचा गट आणि अमेरिकेतली स्क्रिप्स संस्था यांनी ९५मॅट५ ही अँटिबॉडी प्रसिद्ध केली. नाग-मण्यारांच्या विषातल्या, नसा बंद पाडणाऱ्या एका मोठ्या घटकगटाला ती अडवते, पण अजून उंदरांवरच्या प्रयोगांपर्यंतच पोचली आहे. घोणशीच्या विषाची तऱ्हाच निराळी, ते रक्त बिघडवतं. त्यासाठी वेगळ्या अँटिबॉडी शोधाव्या लागतील. ऊसतोडीला फडात पाय टाकणाऱ्या बाईला आज घोणस चावली, तर तालुक्याच्या दवाखान्यात तिच्यासाठी काढली जाईल ती कुपी घोड्याच्याच रक्तातून आलेली असेल.