मेटलर्जीच्या सरांना कॉलेजबाहेर कोण विचारतं?

भाचीला मेटलर्जीला, म्हणजे धातुशास्त्राला, ॲडमिशन मिळाली आणि ती म्हणते पुढे शिकवायचंय, तर घरात सगळ्यांचं एकच, की या विषयाच्या प्रोफेसरला कॉलेजबाहेर कोण विचारतं. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटला हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू तापवून-थंड करून त्याचे गुण बदलायच्या, शॉपमध्ये इतकी वर्षं काढलीत, त्यामुळे मला हे ऐकवत नाही, म्हणून जरा मागचं सांगतो.

आपल्याकडे जमशेदपूरला पोलाद निघालं १९१२ ला, पण हा विषय शिकवायला बनारसमध्ये १९२३ ला सुरुवात झाली. पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजला यायला १९४८ उजाडलं, पवईला आयआयटीच १९५८ ची. शिकवणारेच कमी, मग जे होते त्यांना फक्त फळ्यापुरतं राहताच आलं नाही.

ब्रह्मप्रकाश सरांचंच बघा. जन्म लाहोरचा, डॉक्टरेट एमआयटीची, १९५१ पासून बंगलोरच्या आयआयएससीत मेटलर्जीचे हेड, त्या जागेवरचे पहिले भारतीय. १९५७ ला ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रात आले. वाशीच्या पुलावरून लोकल जाते तेव्हा जो डोंगर दिसतो ना, त्याच्या पलीकडे, आणि तेव्हा हा पूलही नव्हता आणि नवी मुंबईही नव्हती. तिथे तेव्हा उभ्या राहत असलेल्या अणुभट्टीला लागणारं युरेनियम नुसतं खनिजातून काढून भागणार नव्हतं, अगदी शुद्ध धातू करून त्याच्या कांड्या कराव्या लागणार होत्या, तो धातू तिथे १९५९ ला तयार झाला.

दुसरी अडचण झिर्कोनियमची. इंधनाभोवतीची नळी त्याची करतात कारण ज्या न्यूट्रॉन कणांवर अणुभट्टी चालते ते हा धातू जवळपास खातच नाही, पण निसर्गात ते सापडतं हाफ्नियमसोबत, आणि हाफ्नियम न्यूट्रॉन अक्षरशः गिळतं. रसायनात दोघं जुळी भावंडं, एकाला दुसऱ्यापासून सोडवता सोडवता जीव जातो. आमच्या शॉपमध्ये पॉलिश केलेल्या तुकड्यावर नायटलचे (अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक ॲसिड) दोन थेंब टाकले की मायक्रोस्कोपखाली पोलादातल्या पर्लाइट नावाच्या रचनेचे पट्टे उघडतात, तेवढ्यानेही मला अजून आनंद होतो, इथे तर डोळ्याला काहीच दिसत नाही आणि दहा हजारात एक भाग हाफ्नियमसुद्धा जास्त.

१९७१ ला हैदराबादला न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्स उभं राहिलं, त्यामागे हेच सर. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं इंधन तिथे बनायला लागलं, आणि तारापूर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. पुढच्याच वर्षी ते तिरुवनंतपुरमला विक्रम साराभाई स्पेस सेंटरचे डायरेक्टर झाले ते १९७९ पर्यंत, कलामसाहेब एसएलव्ही-३ या उपग्रह सोडायच्या रॉकेटवर काम करत होते ते यांच्याच हाताखाली.