मऊ प्लास्टिक आमिषांचे हात-ओतकाम : दोष आणि निदान

गरीला लावायची गांडूळ, बेडूक किंवा लहान माशाच्या आकाराची मऊ आमिषे घरच्या घरी साच्यात ओतून तयार करणे म्हणजे हात-ओतकाम. बोलीत त्यांना ‘रबरी बेडूक’, ‘रबरी गांडूळ’ म्हणतात, पण त्यांत रबर बहुधा नसतेच. माल असतो प्लास्टिसॉल, म्हणजे पीव्हीसीची अतिशय बारीक पूड मृदुकारक तेलात कालवून केलेला दुधासारखा पांढरा द्रव. तो तापवला की पुडीचे कण तेल शोषून फुगतात, एकजीव होतात आणि निवल्यावर मऊ, लवचीक घट्ट पदार्थ उरतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे मामा तलावांचा आणि बोड्यांचा (लहान तळ्यांचा) मुलूख. येथील ढिवर समाजाची परंपरागत मासेमारी मुख्यतः जाळी आणि सापळ्यांची. आमिष फेकून मासा धरणे हा त्या मानाने नवा नाद असून त्याचे लक्ष्य प्रामुख्याने मरळ. हा शिकारी मासा हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे गवत-शेवाळाने भरलेल्या उथळ पाण्यातही तग धरतो. तो चावतोही असा, की मऊ आमिषाची शेपटी एका झडपेत तुटून जाते. घरी ओतण्यामागचे खरे कारण हेच. (बहुतेक तलावांचा मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो, गरी टाकण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.)

बिघडलेला नग हातात आला की नवशिका आधी मालाला दोष देतो. माल क्वचितच दोषी असतो. दोष कोणता यापेक्षा तो नगावर कुठे आहे हे पाहिले, तर कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते.

तापमान. तापताना प्लास्टिसॉल आधी दाट होतो, मग त्यात दह्यासारख्या गुठळ्या होतात. येथे अनेकजण माल फाटला समजून तो फेकून देतात. थांबू नये, ढवळत राहावे. १६५ ते १७५ अंश सेल्सियसच्या आसपास तोच माल स्वच्छ, पारदर्शक आणि एकतारी पाकाहून पातळ होतो. ओतायची वेळ ती. सुमारे २०० अंशांच्या पुढे पीव्हीसीचे विघटन सुरू होते. माल आधी पिवळा, मग तपकिरी पडतो आणि हायड्रोजन क्लोराइडचा तिखट, घसा धरणारा वायू सुटतो. म्हणून हे काम मोकळ्या छपरीत, वारा पाठीशी घेऊन करावे, आणि त्यासाठीचे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. बंदुकीसारखा धरायचा तापमापक फक्त वरच्या पृष्ठभागाचे तापमान सांगतो. ढवळून मगच मोजावे. भारनियमनात शेगडी मध्येच बंद पडून माल अर्धवट शिजला, तर तो पुन्हा तापवता येतो. मात्र अर्धवट शिजलेलाच साच्यात ओतला, तर नग दुधाळ दिसतो आणि ताणला की बिस्किटासारखा तुटतो.

बुडबुडे. सर्वाधिक डोकेदुखी यांचीच, आणि जागेवरून निदान करण्याची रीतही येथेच नीट कळते. नग उन्हाकडे धरून पाहावा. सबंध अंगात मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक बुडबुडे विखुरलेले असतील, तर हवा मालातच होती. बाटली जोराने हलवून लगेच तापवली किंवा पळीने रवीसारखे घुसळले की असे होते. बाटली हलवणे टाळता येत नाही, कारण पूड तळाशी बसते. म्हणून आदल्या रात्री हलवून ठेवावी आणि तापवताना पळी तळाशी टेकवून संथ फिरवावी. एकच मोठा बुडबुडा प्रत्येक नगात त्याच जागी, उदाहरणार्थ बेडकाच्या मांडीच्या वळणात, येत असेल, तर तिथली हवा अडकते आहे. तिथे सुईने बारीक वाट करावी किंवा साचा कलता धरून ओतावे.

बुडबुडे फक्त साच्याला टेकलेल्या बाजूला असतील, तर ओल साच्यात आहे. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,७०० पट होते, त्यामुळे १७० अंशांच्या मालाखाली न दिसणारी ओलही पुरते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात हा प्रश्न दुहेरी आहे. घट्ट झालेले प्लास्टर म्हणजे जिप्सम, आणि जिप्समच्या स्फटिकातच पाणी बांधलेले असते. वरून ठणठणीत कोरडा साचाही पुरेसा तापला की ते पाणी सोडू लागतो. म्हणून साचा नुसता वाळवून भागत नाही. त्याला इपॉक्सीचे किंवा पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन हात द्यावे लागतात, आणि प्रत्येक हात पुरता वाळल्यावरच पुढचा. प्रस्तुत लेखकाने पहिला साचा पोळ्याच्या आठवड्यात, भर पावसात केला होता. त्यातून निघालेल्या सहाही बेडकांची पाठ सीताफळाच्या सालीसारखी होती. तेव्हापासून साचे एप्रिल-मेमध्ये करून ठेवायचे, हा नियम. विदर्भाच्या ४५ अंशांच्या कोरड्या उन्हासारखी फुकटची भट्टी दुसरी नाही. तापलेल्या मालात मात्र पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. तो उसळून अंगावर येतो आणि कातडीला चिकटून भाजतो.

अपुरी शेपटी. शेपटीचे टोक गोल होऊन अर्ध्यातच थांबते, कारण अरुंद वाटेत माल थंड साच्याला टेकून लगेच थिजतो. उपाय दोन. साचा हाताला चांगला गरम लागेपर्यंत तापवावा आणि शेपटीकडून सुरुवात करून, धार न तोडता ओतावे. पहिले दोन-तीन नग साचा गरम करण्यासाठीच आहेत असे धरावे. ते पुन्हा वितळवता येतात. धार मध्येच तुटली, तर अंगावर आडवी रेघ उमटते. ती वरवरची दिसते, पण मरळीच्या तोंडात नग नेमका तिथेच दुभंगतो.

खळगा. निवताना प्लास्टिसॉल आकसतो, आणि जाड भाग शेवटी निवतो म्हणून पोट किंवा डोके आत बसते. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी ओळखले जाते. ओतारी धातू ओततो तेव्हा निवताना त्यालाही हेच आकसणे सांभाळावे लागते, म्हणून तो वर जादा धातू ठेवतो. येथेही तसेच करावे : साचा काठाच्या किंचित वर फुगेल इतका भरावा आणि मधला भाग खाली बसू लागताच, तो गरम असतानाच थेंबभर माल वर द्यावा. उशीर झाला तर दिलेला थेंब वेगळ्या टिकलीसारखा सुटून येतो. दोन भागांच्या साच्यात कडेने पातळ पापुद्रा येत असेल, तर दोन्ही अर्धे घट्ट बसत नाहीत. चिमटे वाढवावेत आणि नगाची कड कात्रीने साफ करावी.

मऊपणा. एकाच बाटलीतले आधीचे नग लिबलिबीत आणि तेलकट, नंतरचे ताठ, असा अनुभव आला तर बाटली नीट ढवळलेली नव्हती. वरचा माल तेलाचा, खालचा पुडीचा निघाला, इतकेच. मऊपणासाठी जादा मृदुकारक घालता येते, पण प्रमाण ओलांडले की नग चिकट होतो आणि गरीवरून घसरतो. वजनासाठी बारीक मीठ घालण्याची पद्धत आहे. ते तळाशी बसते, म्हणून प्रत्येक ओतणीआधी ढवळावे लागते, आणि नग कमकुवतही होतो. मरळीसाठी मीठ न घातलेलेच बरे. चमकी टाकतानाही तीच काळजी. नाहीतर पहिले बेडूक काळे आणि शेवटचा लग्नाच्या बांगडीसारखा.

रंग. पिवळेपणाचे कारण बहुधा जादा उष्णता किंवा तोच माल पुन्हा पुन्हा वितळवणे. तुकडे वितळवताना थोडा ताजा माल मिसळावा आणि पिवळा पडलेला माल गडद रंगांसाठी वापरावा. दोन रंगांच्या नगात पहिला थर पुरता निवला, तर दुसरा त्याला धरत नाही आणि सालीसारखा निघतो. पहिला फार पातळ असताना दुसरा ओतला, तर दोन्ही कालवले जातात. पहिल्या थराची चकाकी जाऊन तो नुकताच धरू लागला की दुसरा ओतावा. ही वेळ घड्याळापेक्षा डोळ्यांनी लवकर कळते.

साठवणीतले दोष. चांगले ओतलेले नगही डब्यात बिघडतात. मृदुकारक तेल सावकाश बाहेर पडत राहते आणि कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांना, विशेषतः पॉलिस्टायरीनला, मऊ करते. नग आणि डबा एकमेकांना चिकटून बसतात. गडद रंगाच्या नगाशेजारी पांढरा ठेवला, तर पांढऱ्यावर डाग उतरतो. मेमध्ये टिनाच्या छपराखाली ही दोन्ही कामे फार लवकर होतात. रंगवार वेगळ्या पॉलिथिनच्या पिशव्या कराव्यात, त्या मातीच्या भिंतीच्या खोलीत जमिनीलगत ठेवाव्यात आणि नग सपाट पडू द्यावेत. दुमडून राहिलेल्या शेपटीला वळण पडते आणि आमिष पाण्यात गिरकी घेते. असा नग चिमट्याने धरून काही सेकंद गरम पाण्यात बुडवावा, सरळ करावा आणि थाळीवर पालथा निवू द्यावा.