सेवाग्रामची काळी माती आणि रुसलेला साग

सेवाग्रामला गेलं की आपण बापूकुटी बघतो, फोटो काढतो अन् १९३६ साली गांधीजींनी लावलेल्या पिंपळाकडे बघून परत फिरतो. मला मात्र दरवेळी एकच प्रश्न पडायचा, इकडे वर्ध्याभोवती सगळी वावरं, कपाशी, तूर, धुऱ्यावर बाभळी, अन् त्याच जिल्ह्यात बोरच्या डोंगरात सागाचं जंगल, वाघासकट! ऊन-पाऊस तर जवळपास सारखाच, मग असं का?

उत्तर पायाखालीच आहे. दोन्हीकडे खडक एकच, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. पण उतारावरची बारीक माती पाण्यासोबत वाहून सपाटीवर येऊन बसली, वर राहिली मुरमाची बरड जमीन अन् खाली आपली भारी काळी. या काळ्या मातीत स्मेक्टाइट नावाची चिकणमाती असते, तिचे थर पापडाच्या चळतीसारखे, मधे पाणी शिरलं की फुगतात अन् सुकलं की आकसतात. मे महिन्यात आमच्या वावरात भेगेत पराटीची (कपाशीच्या झाडाची) काडी घातली तर कोपरापर्यंत हात आत गेला, खरंच. अशा भेगा पडताना कोवळी मुळं ताणून तुटतात, अन् श्रावणात तीच माती फुगून घट्ट होते, हवाच राहत नाही, सागाची मुळं गुदमरतात. त्याला निचरा लागतो, बाभूळ मात्र दोन्ही सोसते.

आता कुऱ्हाडही चालली हे आहेच. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, कापसाचे भाव चढले, मागून रेल्वे आली, मग ओल धरून ठेवणारी ही जमीन कोण मोकळी सोडणार?

आपल्या जुन्या लोकांना हे सगळं ठाऊक होतं, म्हणून पिकाची ती काळी अन् गाव वसतं ती पांढरी. फुगणाऱ्या जमिनीवर भिंत उभी केली की तडकणारच. (आमच्या नवीन संडासाची तडकलीच, कंत्राटदार म्हणे सिमेंट खराब होतं.)

गांधीजींची अट होती की घराला १०० रुपयांच्या वर खर्च नको अन् सामान इथलंच. म्हणून माती, बांबू, कवेलू (छपराची कौलं). अन् नाल्याकाठची शिंदी, म्हणजे रानखजूर, तिला ओला पाय चालतो, तिच्याच पानांचं आच्छादन पावसाळ्यात मातीच्या भिंतींना लावतात. बापूकुटीच्या आतल्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच चरखा उठवलाय, लोकं त्याचाच फोटो काढतात, बाजूलाच उठवलेली ताडाची झाडं फ्रेमच्या बाहेर.