एक पातेलं, दोन पिंपं आणि यीस्टचं वेळापत्रक

घरी बिअर करणाऱ्याला लवकरच एक अडचण येते. पहिला घाणा अजून पिंपात आहे, दुसरा लावायचे वेध लागलेत आणि सामान मात्र बेताचंच. अशा वेळी पहिला विचार मोठ्या पातेल्याचा येतो. माझं म्हणणं, आधी आहे ते पातेलं नेमकं किती वेळ कामात असतं ते मोजावं.

भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, 65 ते 67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजत ठेवलं की त्यातली विकरं पिष्टाची साखर करतात. मग तो गोड काढा, म्हणजे वर्ट, गाळून घ्यायचा, हॉप्स (कडवट चव देणारी फुलं) घालून तासभर उकळायचा, झटपट थंड करायचा आणि पिंपात ओतून साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट घालायचं. धुणंपुसणं धरून पाच-सहा तास लागतात. पातेलं मोकळं होतं, पण पिंप पुढचे दोन आठवडे अडकून पडतं. म्हणजे कोंडी पिंपापाशी आहे.

ही कोंडी मोजायला एक सुरेख सूत्र आहे. 1961 साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलं, की एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती नग अडकलेले असतात, हे नग येण्याचा दर आणि प्रत्येकाचा मुक्काम यांच्या गुणाकाराइतकं असतं. दर आठवड्याला एक घाणा आणि प्रत्येकाचा मुक्काम दोन आठवडे, तर पिंपं दोन लागणार. मुक्काम तीन आठवड्यांचा झाला, तर तीन. पातेलं कितीही मोठं घेतलं तरी हा आकडा बदलत नाही.

मग मुक्कामच कमी केला तर? एल जातीचं यीस्ट 18 ते 20 अंशांवर बरीचशी साखर चार-पाच दिवसांत संपवतं, त्यामुळे हा मोह होतोच. पण साखर संपली म्हणजे यीस्टचं काम संपलं असं नाही. वाढताना पेशी एक पदार्थ बाहेर टाकतात आणि द्रवात त्याचं सावकाश डायअॅसिटिल बनतं. लोण्यासारखा वास येतो तो याचाच. साखर संपत आल्यावर त्याच पेशी हे डायअॅसिटिल परत आत घेऊन निरुपद्रवी करतात. हिरव्या सफरचंदाच्या वासाचं अॅसिटाल्डिहाइडही असंच निस्तरलं जातं. घाई करून यीस्टवरून बिअर लवकर काढली, तर हे वास बाटलीत उतरतात. या दिवसांत मी हात लावत नाही.

वाचवायचं तर यीस्टच्या बाबतीत वाचवावं. सगळ्या सामानात आपोआप वाढणारी ही एकच गोष्ट आहे. घातलं त्याच्या कितीतरी पट यीस्ट शेवटी तळाशी जाड थर होऊन बसतं. 1883 साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं, आणि चांगलं यीस्ट जपून घाण्यामागून घाणा वापरण्याला भक्कम आधार मिळाला. घरी करायचं ते सोपं आहे: पिंप रिकामं होतं, त्याच दिवशी पातेलं चढवायचं. गाळातला थोडा भाग निर्जंतुक बरणीत काढून नव्या वर्टमध्ये घालायचा. सगळा थर तसाच ठेवून त्यावर वर्ट ओतलं तर पेशी फार होतात, फेस उसळून बाहेर येतो. क्रमही ठरलेला असावा: आधी हलकी, फिकट बिअर, मग गडद आणि कडक. अल्कोहोल आणि हॉप्सचा मारा सोसून थकलेलं यीस्ट हलक्या बिअरला देऊ नये. दर फेरीला जंगली यीस्ट आणि जिवाणूंचा शिरकाव थोडा थोडा वाढतो, म्हणून चार-पाच घाण्यांनंतर मी नवं पाकीट फोडते. ओरखडे पडलेलं प्लॅस्टिकचं पिंपही काढून टाकते, कारण खाचांमध्ये जंतुनाशक नीट पोचत नाही.

पातेलं लहान आणि पिंप मोठं असेल, तर व्यावसायिक कारखान्यांतली एक युक्ती कामी येते. आज एक घाणा करून यीस्ट घालायचं, उद्या दुसरा करून त्याच पिंपात ओतायचा. तोवर पेशी वाढीला लागलेल्या असतात आणि त्यांना ताजं खाद्य मिळतं. मात्र हे चोवीस तासांच्या आत व्हावं, कारण ताज्या वर्टबरोबर प्राणवायूही पिंपात जातो. सुरुवातीला पेशींची आवरणं घडवायला प्राणवायू लागतो. उशिरा मिसळलेला प्राणवायू चव शिळी करतो.

उलटंही करता येतं. वीस लिटर वर्ट दहा-दहा लिटरच्या दोन पिंपांत वाटून वेगवेगळं यीस्ट घातलं, की एका दिवसाच्या कष्टात दोन बिअर होतात. किण्वनात, म्हणजे यीस्ट साखर आंबवतं तेव्हा, उष्णता निघते, आणि त्याच आकाराच्या दोन लहान पिंपांचा एकूण पृष्ठभाग एका मोठ्या पिंपापेक्षा सुमारे 26 टक्के जास्त भरतो. त्यामुळे लहान पिंपं अधिक थंड राहतात. दोन यीस्टची तुलना करताना हे चालतं, पण मोठ्या पिंपातल्या बिअरशी तुलना करताना हा फरक विसरू नये.

एकाच वेळी दोन-तीन घाणे चालू असताना सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे घनतेची नोंद. साखर संपत जाते तशी घनता उतरते. हायड्रोमीटरवर, म्हणजे घनता मोजणाऱ्या नळीवर, 1.050 वरून 1.012 आलं, तर फरकाला 131.25 ने गुणून अल्कोहोल सुमारे 5 टक्के निघतं. वीस लिटरच्या अशा घाण्यातून साधारण 400 लिटर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, म्हणून पिंपाला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप) हवाच. बाटलीत फेस यावा म्हणून आपण लिटरमागे जेमतेम 6 ग्रॅम साखर घालतो. घनता अजून 0.004 ने उतरायची असेल, तर बिअरमध्येच लिटरमागे सुमारे 8 ग्रॅम साखर शिल्लक असते, आणि दोन्ही मिळून काचेची बाटली फोडू शकतात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे आल्याशिवाय मी बाटल्या भरत नाही. प्रत्येक पिंपावर चिकटपट्टी लावून तिच्यावर तारीख, यीस्ट आणि हे आकडे लिहिते. शेजारी शेजारी बुडबुडणारी दोन पिंपं बाहेरून अगदी सारखी दिसतात.